खेळाची गोष्ट आधी सांगा

माझ्याकडे काम येतं ते यादीच्या रूपात. एक्सेलची शीट उघडली की ओळी दिसतात : झाड, मोठं, 3 प्रकार, दगड, शेवाळलेला, 5 प्रकार, कंदील, विझलेला आणि पेटलेला, सैनिकाच्या खांद्यावरचं चिलखत, डावं आणि उजवं. प्रत्येक ओळीसमोर पिक्सेलमधलं माप, फाइलला नाव कसं द्यायचं त्याचा नमुना आणि तारीख. व्हिडिओ गेमसाठी कंत्राटावर चित्रं काढणाऱ्याचा दिवस या यादीच्या एका ओळीवरून पुढच्या ओळीवर जाण्यात संपतो. फोंड्यात, कुर्टीच्या बाजूला, घराच्या माडीवर बसून मी काही वर्षं हेच करते आहे. ज्यांच्यासाठी करते ते कधी बंगळूरला असतात, कधी पोलंडमध्ये, कधी कॅनडात. आषाढात वीज गेली की यूपीएसच्या जिवावर फाइल पोचेपर्यंत धाकधूक असते. तेवढं सोडलं तर या कामापुरतं फोंड्यात असणं आणि मोठ्या शहरात असणं यांत फार अंतर उरलेलं नाही.

भारतात हा उद्योग वाढला तोच मुळी दुसऱ्यांच्या याद्यांवर. बंगळूरची ध्रुव इंटरॅक्टिव्ह राजेश राव यांनी 1997 मध्ये सुरू केली, गुरुग्रामची लक्ष्य डिजिटल 2004 मधली. दोन्हींनी परदेशी गेमसाठी गाड्या, इमारती, माणसं, शस्त्रं घडवून दिली आणि इथल्या चित्रकारांची एक पिढीच्या पिढी या कामात तयार केली. पुढे लक्ष्य 2014 मध्ये कीवर्ड्स स्टुडिओजकडे गेली आणि ध्रुव 2019 मध्ये रॉकस्टारकडे. मी त्या पिढीनंतरची. कला महाविद्यालयातून बाहेर पडले तेव्हा पणजीत जाहिरात, छपाई आणि हॉटेलांच्या भिंती एवढंच काम समोर दिसत होतं. गेमची यादी आली तेव्हा मला ती सुटका वाटली आणि आजही मी तिला कमी लेखत नाही. घर तिच्यावर चालतं. हातही तिनेच घडवला. चालीचं चक्र 8 चित्रांत बसवायचं तर पाऊल जमिनीला टेकताना गुडघा किती वाकतो, हे मला यादीने शिकवलं, वर्गाने नव्हे.

पण यादीतून गेम कळत नाही. एका मोठ्या कामात मी कितीतरी आठवडे फक्त खांद्यावरची चिलखतं रंगवली. सैनिक कुठल्या बाजूचा, तो जिंकतो की मरतो, त्याला पाहून खेळणाऱ्याने घाबरायचं की हळहळायचं, हे विचारलं तर उत्तर ठरलेलं : ते गोपनीय आहे. चिलखतावर गंज दाखवावा असं मला वाटत होतं. गंज कुणाच्या चिलखतावर असतो? जो फार दिवस लढतो आहे त्याच्या, किंवा ज्याची काळजी घ्यायला कुणी उरलेलं नाही त्याच्या. हा सैनिक कुठला ते ठाऊक नसेल तर गंज म्हणजे नुसता तपकिरी ठिपका. मी तो काढला नाही, कारण यादीत नव्हता. पुढे ट्रेलरमध्ये ते खांदे क्षणभर दिसले. श्रेयनामावलीत माझं नाव नव्हतं आणि करारामुळे ते काम मी कुणाला दाखवूही शकत नव्हते. आयजीडीए या गेम बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने श्रेय कसं द्यावं याचे नियम लिहून ठेवले आहेत, प्रकाशनाआधी काम सोडून गेलेल्यांचीही नावं द्यावीत, असं त्यांत आहे. ते पाळायची सक्ती मात्र कुणावर नाही.

अशा वेळी मला पेडण्याचे मामा आठवतात. माझं आजोळ पेडणे तालुक्यातलं. मामा दशावतारात राक्षसपार्टी, म्हणजे राक्षसाच्या भूमिका, करायचे. कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की रात्री देवळाच्या पुढ्यात नाटक उभं राहायचं : एक पायपेटी, एक मृदंग, झांज आणि रंगमंचावर एकच लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. आधी संकासुराचा आडदशावतार, मग आख्यान. लिखित संहिता नाही, संवाद पाठ केलेले नाहीत. संध्याकाळी मंडळी रंग लावायला बसली की आज कुठलं आख्यान आणि कुणाकडे कुठली भूमिका ते सांगितलं जाई, कथेचे टप्पे ठरत आणि तेवढ्यावर रात्र उभी राही. मी लहानपणी मामांना विचारलं होतं, एवढं बोलायला सुचतं कसं? ते भुवया रंगवता रंगवता म्हणाले, ‘काणी खबर आसली काय उतरां आपशींच येतात.’ कथा ठाऊक असली की शब्द आपसूक येतात. मामा मंडळाचे मालक नव्हते. रात्रीच्या मानधनावर जाणारे नट होते. कुठलं आख्यान लावायचं, हे त्यांच्या हातात नव्हतं. तरी रंगमंचावर राजपार्टीला अडवून तासभर वाद घालण्याची मोकळीक त्यांना होती, कारण तो वाद कशासाठी चालला आहे आणि कुठे पोचायला हवा, हे त्यांना माहीत होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. कंत्राटी कलाकाराचं स्वातंत्र्य मालकी कुणाची यावर जितकं ठरतं, त्याहून जास्त ते गोष्ट त्याला कधी सांगितली यावर ठरतं.

स्वतंत्र गेम बनवणाऱ्यांकडे, म्हणजे ज्यांना इंडी म्हणतात त्यांच्याकडे, मी मोठ्या आशेने गेले. प्रकाशकाचा पैसा नाही, वर कुणी साहेब नाही, दोन-तीन माणसं स्वतःच्या मनातला खेळ करताहेत. आपल्या आसपासही अशी उदाहरणं आहेत. गुजरातेत वापीजवळच्या चला इथून ध्रुव जानी आणि सुशांत चक्रवर्ती हे दोघं स्टुडिओ ओलिओमिंगस चालवतात. मीर उमर हसन नावाचा लेखक त्यांनी कल्पनेतून उभा केला आणि वसाहतींचा इतिहास, त्यातल्या हरवलेल्या नोंदी यांच्याभोवती वाचण्या-भटकण्याचे विलक्षण खेळ रचले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ केला. लोकांकडून पैसे जमवण्याची त्यांची 2017 ची किकस्टार्टर मोहीम लक्ष्यापर्यंत पोचली नव्हती, तरी 2020 मध्ये खेळ बाहेर आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी नामांकनही मिळालं. पहाडी चित्रशैलीचा हात त्याच्या रंगांत दिसतो, गोष्टीचे दुवे छायाबाहुल्यांतून येतात. ‘राजी’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत जागी होते. परदेशी गेमसाठी किल्ले रंगवणारे आपले हात आपल्या डोळ्यांना ओळखीचे वाटणारे वाडेही रंगवू शकतात, हे प्रत्यक्ष पडद्यावर दिसत होतं.

प्रत्यक्ष काम करताना लक्षात आलं, की जो स्वतः मोकळा आहे तो दुसऱ्याला मोकळीक देतोच असं नाही. एका एकट्या निर्मात्यासाठी मी काही महिने काम केलं. स्वतःची बचत घालून तो खेळ करत होता, त्याची तळमळ खरी होती. पण खेळ त्याच्या डोक्यात होता आणि तिथेच राहत होता. माझ्याकडे यायचे ते संदर्भचित्रांचे ढीग आणि ‘अजून तसं नाही झालं’ एवढा अभिप्राय. तसं म्हणजे कसं, हे त्याला सांगता येत नव्हतं आणि मला विचारायची सोय नव्हती, कारण प्रत्येक प्रश्न त्याला अविश्वासासारखा वाटे. मोठ्या कंपनीच्या यादीला निदान शेवटची ओळ असते. इथे तीही नव्हती. सुधारणा किती वेळा करायच्या ते करारात नव्हतं, म्हणून पैसे तेवढेच राहिले आणि काम वाढत गेलं. तो वाईट माणूस नव्हता. आपल्या पैशाने आपण स्वातंत्र्य विकत घेतलं आहे आणि आता ते सगळं आपलंच, अशी त्याची समजूत होती.

याच्या उलट उदाहरण म्हणून मला नेहमी ‘ब्रेड’ आठवतो. जोनाथन ब्लो यांचा हा खेळ 2008 मध्ये आला आणि स्वतंत्र गेमच्या इतिहासात त्याचं नाव पक्कं झालं. काळाला मागे फिरवण्याची त्यातली कोडी सगळ्यांना माहीत आहेत. त्यातली चित्रं डेव्हिड हेलमन यांची, हे कमी जणांना माहीत असतं. हेलमन हे वेबकॉमिक काढणारे चित्रकार, ब्लोंनी त्यांना पैसे देऊन बोलावलं. ते आले तेव्हा खेळ अगदी ओबडधोबड चित्रांत का होईना, खेळता येत होता. म्हणजे त्यांच्या हाती यादी पडली नाही, खेळ पडला. प्रत्येक जगात काळ वेगळा वागतो तर आकाश कसं वागेल, गवत कसं हलेल, हे त्यांनी खेळून ठरवलं. खेळ ब्लोंचाच राहिला, पण त्यातलं आकाश हेलमन यांचं आहे.

मला माझं आकाश मिळालं ते गोव्याच्याच एका गोष्टीत. भाऊ-बहीण, आईवडील मूळचे डिचोलीकडचे, दोघं परदेशात वाढलेले. नोकऱ्या सांभाळून रात्री गेम करत होते. पहिल्याच कॉलवर त्यांनी दर विचारला नाही, तारीखही विचारली नाही. सगळी गोष्ट सांगितली. खाणपट्ट्यातलं एक गाव, आजीचं रिकामं होऊ घातलेलं घर, नात घर आवरायला येते आणि एकेका खोलीतून आजीचं आयुष्य तिला सापडत जातं. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा त्यांच्या नात्यातल्या लोकांचे ट्रक दारात उभे राहिले होते. ते उभे ट्रकही गोष्टीत होते. खाण चालू असतानाची धूळ होती, खाण बंद झाल्यावरची रिकामी दुपार होती, आणि यातलं बरं काय याचं सोपं उत्तर त्यांना द्यायचं नव्हतं. मग त्यांनी एक बिल्ड, म्हणजे खेळून पाहता येणारी कच्ची आवृत्ती, पाठवलं. त्यात सगळं राखाडी चौकोनांचं : चौकोनी दार, चौकोनी आजी. मी ते शेवटपर्यंत खेळले.

खेळताना मला कावी दिसली. गोवा, कोकण आणि कारवारच्या पट्ट्यातल्या जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर ही कला आहे, आमच्या पेडण्यात मोरजीच्या मोरजाई मंदिरातही आहे. चुन्याचा गिलावा, त्यावर तांबड्या मातीचा थर, आणि थर ओला आहे तोवर टोकदार अवजाराने तांबडं खरवडून काढायचं. खालचा पांढरा उघडा पडतो आणि त्यातून वेल, हत्ती, सूर्यफूल, देव उमटतात. दोनच रंग. रंग लावून चित्र होत नाही, काढून टाकून होतं. आणि तो तांबडा म्हणजे इथल्या जांभ्याच्या मातीतलं लोखंड. खाणीतून निघतं तेही लोखंडच. जी धूळ डिचोलीच्या झाडांच्या पानांवर बसत होती, तिचंच जुनं भावंड देवळाच्या भिंतीवर आहे.

मी त्यांना लिहिलं, सगळा खेळ दोन रंगांत करू या. घर आधी तांबड्याने भरलेलं असेल. खेळणाऱ्याने बोटाने तो तांबडा खरवडायचा, आणि खाली आजीची खोली पांढऱ्या रेषांत उघडत जाईल. जिथे जास्त खरवडलं जाईल तिथे रेष नष्ट होईल आणि ती आठवण कायमची जाईल. हे चित्रकाराच्या कामाच्या कक्षेत बसत नव्हतं. हा खेळाचा नियमच बदलण्याचा प्रस्ताव होता. दुसऱ्या दिवशी बहिणीचा निरोप आला. तिने नमुना करून पाहिला होता आणि आधीची कोड्यांची अख्खी रचना बाजूला ठेवली होती. यादीतून हे कधीच सुचलं नसतं. माझी प्रतिभा त्या दिवशी अचानक वाढली असंही नाही. मला आख्यान सांगितलं होतं, एवढंच.

मग महिनोन्महिने मी जुन्या भिंती पाहत हिंडले. जुना चुना पांढरा नसतो, तो ताकासारखा असतो. तांबडाही एक नसतो. पावसाची झड लागणाऱ्या बाजूला तो विटतो, छपराखाली गडद राहतो. वर्तुळं कंपासने काढलेली असतात, आणि नीट पाहिलं तर मधोमध सुईचं भोक सापडतं. ते भोक मी खेळात ठेवलं. खरवडणाऱ्या बोटाला पांढऱ्या फुलाच्या मध्यभागी ते लागतं. ज्यांनी या भिंती केल्या त्या कारागिरांची नावं बहुतेक ठिकाणी लिहिलेली नाहीत. यात कुणाला विनम्रता दिसते. मला ते एक न दिलेलं देणं वाटतं.

म्हणून कराराबद्दल बोलायला मला संकोच वाटत नाही. कला शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने 1957 च्या कॉपीराइट कायद्यातली तीन कलमं वाचावीत असं मी आग्रहाने सांगते. कलम 17 प्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ताच, पण मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून रंगवलेलं चित्र असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक सांगणारा ठरतो. म्हणजे काहीच लिहिलं नाही तर चित्र आपलं राहील, या भरवशावर राहू नये. कलम 19 सांगतं, हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षांची धरली जाते. आणि कलम 57 सर्वांत मोलाचं : हक्क विकले तरी ही कृती माझी आहे असं सांगण्याचा, आणि तिची मोडतोड माझ्या लौकिकाला बाधा आणत असेल तर आक्षेप घेण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प 1979 मध्ये उखडून ठेवण्यात आलं होतं. ते सरकारविरुद्ध लढले, आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे उरलेले अवशेष आणि 5 लाख रुपये भरपाई त्यांना देण्याचा निकाल दिला. शिल्प सरकारने पैसे देऊन करवून घेतलेलं होतं. तरी शिल्पकाराचा शब्द त्यात उरला होता.

भाऊ-बहिणीबरोबरचा करार आम्ही तिघांनी बसून लिहिला. सुधारणा दोनदा, त्यापुढे दिवसाचा दर. नाव चित्रकार म्हणून आणि खेळाच्या रचनेतही. आणि एक कलम मी सुचवलं : ठरल्या मुदतीत खेळ बाहेर आला नाही तर चित्रं आणि खरवडण्याची कल्पना माझ्याकडे परत येईल. त्यांना ते आवडलं नव्हतं, तरी त्यांनी मान्य केलं. दर माझ्या नेहमीच्या दरापेक्षा कमी होता. तो मला परवडला, कारण दिवसा यादीचं काम चालू होतं. कंदील, दगड, झाडं यांनी त्या तांबड्या घराचा खर्च उचलला. बहुतेक स्वतंत्र निर्मातेही असेच जगतात. दुसऱ्याचं काम करून आपल्या कामाचे महिने विकत घेतात. खेळ स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ठेवायचा तर 100 डॉलर भरावे लागतात, ते कुणीही भरू शकतं. विक्रीतले 30 टक्के तिथे जातात, तेही समजून घेता येतं. खरा खर्च त्याआधीच्या वर्षांचा असतो, आणि तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी पगारातून जातो.

त्यांची बचत संपली. प्रकाशकांनी कौतुक केलं, पैसे दिले नाहीत. भावाची नोकरी गेली आणि खेळ थांबला. फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठीही आणि आजीच्या घरासाठीही. मुदत सरली तेव्हा बहिणीने स्वतःहून मेल केला, कलमाप्रमाणे सगळ्या फाइली पाठवल्या आणि त्यांच्या गोष्टीचा उपयोग करायची लेखी परवानगीही दिली.

आता तो खेळ मी करते आहे. फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेला एक तरुण प्रोग्रॅमिंग बघतो. गोष्ट लहान केली आहे, 3 खोल्या आणि अंगण. गेम बांधायचं इंजिन गोडो घेतलं, त्याला परवान्याचा पैसा लागत नाही. संगीताला मात्र माणूस हवा होता. मामांच्या जुन्या मंडळात मृदंग वाजवणाऱ्याचा मुलगा आता पेडण्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि जत्रांत वाजवतो. त्याला कंत्राटावर बोलावलं. तालांची यादी पाठवली नाही. दुकान बंद झाल्यावर त्याच्यासमोर लॅपटॉप ठेवला आणि पूर्ण खेळ खेळायला दिला. तो काही न बोलता खेळला. मग म्हणाला, ‘ताई, खरवडताना बोट जोरात चाललं की मृदंग थांबला पाहिजे. हळू चाललं तर वाजू दे.’ मी याचा विचारच केला नव्हता. आता तसंच होणार आहे.

करार वाचून त्याने एकच दुरुस्ती मागितली. या खेळासाठी बसवलेला ठेका त्याला दशावतारातही वाजवता यायला हवा, कायम, कुणालाही न विचारता. कलम 6 च्या खाली मी ते हाताने लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, आणि त्याने पुन्हा पहिल्या खोलीपासून खेळायला घेतलं.